डेमरेज: खोळंब्याचा हिशोब

मित्रहो, आज एकच शब्द घेऊ या. इंग्रजीत त्याचा उच्चार डिमरिजच्या जवळ जातो. आपल्याकडे गोदीत आणि मालधक्क्यावर तो डेमरेज किंवा डॅमरेज म्हणून रुळला आहे. कानाला तो डॅमेजसारखा लागतो, म्हणून मालाच्या नुकसानीशी त्याचं नातं असेल असं वाटतं. तसं ते नाही. लॅटिनमध्ये मोरा म्हणजे विलंब. त्यावरून फ्रेंचमध्ये रेंगाळणं, थांबणं या अर्थाचं क्रियापद आलं आणि त्यातून हा शब्द. मोरेटोरियम याच घरातला. माल अगदी शाबूत असला तरी डेमरेज लागतं, कारण पैसे मोजायचे ते अडकून पडलेल्या वेळाचे.

शब्दाचं माहेर जहाजावर. एका फेरीसाठी जहाज ठरवलं की मालक टनामागे भाडं घेतो आणि त्या भाड्यातच बंदरात माल चढवायला-उतरवायला ठरावीक वेळ देतो. हा ले-टाइम. तो संपला की डेमरेज सुरू, म्हणजे जादा वेळाचे पैसे जहाज ठरवणाऱ्याने मालकाला द्यायचे.

आकडे घेऊन पाहू. ३०,००० टन माल, उतरवण्याचा दर दिवसाला ६,००० टन. म्हणजे ५ दिवस, १२० तास. पावसाचे तास आणि रविवार वगळायचे असं करारात आहे. डेमरेज दिवसाला १२,००० डॉलर. सोमवारी सकाळी १० वाजता कप्तान ‘जहाज तयार आहे’ अशी नोटीस देतो. जेन्कॉन १९९४ या प्रचलित करारनाम्यानुसार नोटीस दुपारी १२ पर्यंत मिळाली तर घड्याळ त्याच दिवशी १ वाजता सुरू होतं. त्यानंतर कचेरीच्या वेळात मिळाली तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ला. तेव्हा सोमवारचे ११ तास, मंगळवारचे २४, बुधवारी १२ तास पाऊस म्हणून उरलेले १२, मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार पूर्ण. झाले ११९. रविवार वगळला, राहिलेला एक तास सोमवारी पहाटे १ ला संपला. माल उतरला बुधवारी दुपारी १ ला. अडीच दिवस जास्त, म्हणून ३०,००० डॉलर.

आता खरी मेख. त्या जादा अडीच दिवसांत मंगळवारी धो धो पाऊस पडला तर तो वगळायचा का? नाही. एकदा जहाज डेमरेजवर गेलं की ते डेमरेजवरच राहतं, असा या धंद्यातला जुना नियम आहे. ले-टाइममधल्या सवलती तिथे लागू होत नाहीत. हव्या असतील तर करारात तसं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. नवखे लोक सर्वांत जास्त इथेच फसतात.

उलट बाजूही आहे. काम लवकर संपलं तर मालक बक्षीस देतो, त्याला डिस्पॅच म्हणतात. तो बहुधा डेमरेजच्या निम्मा असतो. वरच्याच उदाहरणात काम शुक्रवारी दुपारी १ ला संपलं असं धरा. ‘वाचलेला कामाचा वेळ’ असे शब्द असतील तर रविवार सोडून ३६ तास, म्हणजे ९,००० डॉलर. ‘वाचलेला सर्व वेळ’ असेल तर ६० तास, १५,००० डॉलर. एका शब्दाने ६,००० डॉलरचा फरक पडला.

भांडणं मात्र बहुतेक नोटिशीवरून होतात. करारात धक्क्यापर्यंत पोहोचणं लिहिलेलं असेल आणि जहाज बाहेर नांगरावर असताना नोटीस दिली, किंवा माल भरताना तळखणे (जहाजाच्या पोटातले माल ठेवायचे कप्पे) अस्वच्छ निघाले, तर ती नोटीस फोल ठरू शकते आणि घड्याळ सुरूच होत नाही. दुसरी चूक नोंदींची. बंदरातल्या घटनांचा जो तक्ता एजंट करतो, त्यात पाऊस किती वाजता सुरू झाला आणि कधी थांबला हे त्याच दिवशी लिहायला हवं. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या तासांना कोणी विचारत नाही.

कायद्याच्या नजरेत हे डेमरेज म्हणजे आधीच ठरवलेली भरपाई. तिच्यात काय काय आलं? ब्राझीलहून चीनला सोयाबीन नेणारं ‘इटर्नल ब्लिस’ हे जहाज बंदराबाहेर महिनाभर थांबलं आणि मालाला बुरशी धरली. जहाजमालकाला त्यापोटी मालवाल्यांचे पैसे भागवावे लागले. ते डेमरेजशिवाय वेगळे मिळावेत अशी त्याची मागणी होती. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये ती फेटाळली. वेळेत माल न उतरवणं एवढाच कराराचा भंग असेल, तर त्याचे सगळे परिणाम डेमरेजमध्ये आले.

कंटेनर आल्यावर अर्थाला फाटा फुटला. भरलेला कंटेनर टर्मिनलच्या आवारात मुदतीपलीकडे पडून राहिला तर डेमरेज. बाहेर नेऊन रिकामा वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. न्हावा शेव्यातून माल सोडवणाऱ्याने ‘१४ दिवस फ्री’ एवढ्यावर समाधान मानू नये. ते दोन्हींना मिळून आहेत की वेगवेगळे, आणि टर्मिनलचं जागाभाडं त्यात आहे का, हे लेखी घ्यावं.

रेल्वेने वेगळी वाटणी केली. १९८९ च्या रेल्वे कायद्यात डेमरेज लागतं ते वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, अडवल्याबद्दल. उतरवलेला माल आवारातून वेळेत उचलला नाही तर त्याचं नाव व्हार्फेज. मराठीत दोन्हींना सरसकट विलंब शुल्क म्हणतात, ते मला पटत नाही. वीजबिल उशिरा भरल्यावर लागतं ते विलंब शुल्क. इथे कुणाची तरी वस्तू खोळंबून राहिली आहे. खोळंबा हा शब्द आपल्याकडे तयार असताना ‘खोळंबा आकार’ म्हणायला हरकत नसावी.

न्यायालयातला डेमरर हा याच शब्दाचा सख्खा भाऊ. थांबणं, मग कचरणं, मग हरकत घेणं, असा अर्थ सरकत गेला. डेमरर म्हणजे, ‘तुमचं सगळं कथन खरं धरलं तरी दावा टिकत नाही’ ही हरकत. इंग्लंडने दिवाणी दाव्यांतून ही पद्धत १८८३ मध्ये काढली, कॅलिफोर्नियात ती आजही आहे. आणि आपल्या उच्च न्यायालयांच्या निकालांत ‘ऑन डेमरर’ हे शब्द अजून भेटतात.

शेवटचा अर्थ पैशाचा. बँक ऑफ इंग्लंड सोनं औंसाला ३ पौंड १७ शिलिंग ९ पेन्सने घेई. टांकसाळीचा भाव दीड पेनीने जास्त होता, पण तिथे नाणी पडेपर्यंत थांबावं लागे. त्या दीड पेनीलाही डेमरेज म्हणत. पुढे सिल्व्हिओ गेझेल या अर्थचिंतकाने साठवलेल्या पैशावरच असा आकार बसवावा असं मांडलं. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने १९३२ मध्ये ते करून पाहिलं: गावाच्या नोटेवर दर महिन्याला दर्शनी किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट चिकटवायचं, नाहीतर नोटेची पूर्ण किंमत मिळायची नाही. तिकिटाचा खर्च टाळायचा तर महिनाअखेरीआधी नोट खर्चून टाकायची. लोकांनी तेच केलं, काहींनी करही आगाऊ भरले, आणि त्या पैशातून नगरपालिकेने रस्त्यांची कामं काढली. नोटा काढण्याचा अधिकार फक्त आपला, असं म्हणत मध्यवर्ती बँकेने १९३३ मध्ये हा प्रयोग बंद पाडला.