बारा दिवसांचा वाद

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला एका वादाची हकिगत सांगणार आहे. साल २०१५, महिना मार्च, गाव शिकागो आणि जागा आमच्या इमारतीचं तळघर.

त्या तळघरात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून कपडे धुण्याची चार यंत्रं होती. शिकागोत मार्च म्हणजे थंडीच. बाहेर काळवंडलेल्या बर्फाचे ढिगारे आणि खाली ड्रायरची ऊब. कपडे वाळायला पाऊण तास लागायचा आणि त्या पाऊण तासात आमच्या इमारतीतली माणसं शिकागो कब्स या बेसबॉल संघाची निवड करायची. पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई, शहराची बस चालवणाऱ्या. अर्थशास्त्र शिकणारा एक मुलगा. आणि मी, दादरची, क्रिकेटवर वाढलेली. बेसबॉल मला आजोबांनी शिकवला, तोही पेन्सिल हातात देऊन. सामना बघताना प्रत्येक चेंडूची नोंद कागदावर कशी करायची, ते त्यांनी मला दाखवलं. त्या कागदाकडे मी शेवटी येणारच आहे.

आधी मोसमाबद्दल थोडं सांगते. बेसबॉलचा मोसम मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. पण खेळाडू फेब्रुवारीच्या मध्यालाच उबदार गावी जमतात. कब्सचं शिबिर ॲरिझोनातल्या मेसा या गावी असतं. मार्चभर तिथे सामने होतात, पण त्यांचे निकाल कुठेच धरले जात नाहीत. वादाला खरा रंग चढतो तो याच दिवसांत, कारण अजून कोणी हरलेलं नसतं. कोण संघात, कोण बाहेर, कोणाचा खांदा दुखतोय, कोण यंदा चमकणार, सगळं मोकळं असतं.

आणि कब्सच्या लोकांना मोसमाआधीच्या आशेची सवय फार जुनी. वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाच्या शेवटची अजिंक्यपदाची लढत, त्यांनी शेवटची जिंकली होती ती १९०८ साली. शेवटची खेळले होते ती १९४५ साली, आणि हरले. आजोबा तेव्हा शाळकरी पोर होते. पुढे १९६९ साली संघ उन्हाळाभर आघाडीवर राहिला आणि सप्टेंबरमध्ये कोसळला. २००३ साली अंतिम फेरी फक्त पाच बळींवर आली होती, तीही निसटली. त्यांच्या लाडक्या एर्नी बँक्सनं १९५३ ते १९७१ अशी सगळी कारकीर्द याच संघात काढली, ५१२ होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारले, पण वर्ल्ड सिरीजचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१५ च्या जानेवारीत बँक्स गेला. त्या आठवड्यात आजोबा तळघरात आले, यंत्रात कपडे टाकले आणि कोणाशी एक शब्दही न बोलता वर निघून गेले. त्या वर्षीचा वाद अशा सुतकात सुरू झाला.

तरीही आशेला जागा होती. २०११ च्या शेवटी थिओ एपस्टाइन हा माणूस कब्सचा कारभार बघायला आला आणि त्यानं संघ मुळापासून पाडून पुन्हा बांधायला घेतला. २०१२ साली संघ १०१ सामने हरला. १०१! आजोबांनी त्यातला जवळपास प्रत्येक सामना रेडिओवर ऐकला. हरण्याचा एक फायदा तिथे असायचा. नवे खेळाडू उचलण्याचा जो ड्राफ्ट असतो, त्यात तेव्हा खालच्या संघांना आधी पाळी मिळायची. २०१३ साली कब्सची पाळी दुसरी होती. आता कोणाला घ्यायचं? शहरभर एकच घोषा, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घ्या, आपल्याकडे पिचर नाहीत. पहिल्या पाळीत ह्यूस्टननं मार्क अपेल नावाचा पिचर उचलला. कब्सनं लास व्हेगासचा एक उंच, सडसडीत फलंदाज घेतला, क्रिस ब्रायंट.

तिकडे अशा मुलांना जो शब्द आहे, त्याला आपला ‘होतकरू’ अगदी चपखल बसतो. सचिन आणि विनोद कांबळीच्या त्या ६६४ धावांच्या भागीदारीत पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला अमोल मुझुमदार आठवा. दादरच्या कट्ट्यावर किती वर्षं आम्ही त्याच्यासाठी भांडलो! होतकरूवर जीव लावण्यात जी धाकधूक असते, ती मला शिकागोत कोणी शिकवावी लागली नाही. अपेलचंच बघा. देशात पहिला निवडलेला हा मुलगा वरच्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला २०२२ साली, तिशीत, दुसऱ्याच संघाकडून, तोही मध्ये खेळ सोडून पुन्हा परतल्यावर.

ब्रायंटचं तसं होणार नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटायला लागलं होतं. २०१४ साली खालच्या दोन पायऱ्यांवर मिळून त्यानं ४३ होम रन मारले. मग मार्च २०१५. मेसामध्ये त्यानं अवघ्या ४० वेळा अधिकृत फलंदाजी केली आणि ९ होम रन ठोकले, इतर कोणाहीपेक्षा जास्त. तळघरात एरवी दहा विषय चालायचे. आमचा पिचर काइल हेंड्रिक्सचा चेंडू इतका हळू, तो टिकेल का? फलंदाज हाविएर बाएस मागच्या वर्षी २१३ वेळात ९५ वेळा स्ट्राइक आउट, म्हणजे चेंडू मैदानात न टोलवताच बाद, झाला, त्याला ठेवायचं की विकायचं? पिचर जॉन लेस्टरला सहा वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलर दिले, पण धावायला टपलेल्याला रोखण्यासाठी तो पहिल्या बेसकडे, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्याकडे, चेंडूच फेकत नाही, त्याचं काय? हे सगळं मार्चच्या शेवटी मागे पडलं. ३० मार्चला बातमी आली की ब्रायंटला खालच्या संघात, आयोवाला पाठवलंय.

संघानं कारण दिलं की थर्ड बेसवरचं त्याचं क्षेत्ररक्षण अजून कच्चं आहे. साडेसहा फुटांच्या जवळ जाणारा मुलगा, तिथे खाली वाकून सपाट चेंडू अडवायचे म्हणजे अवघडच, असं अनेक जाणकारही म्हणत होते. पण तळघरात हे कारण कोणालाच पटलं नाही, कारण खरं गणित सगळ्यांना ठाऊक होतं.

ते गणित असं. वरच्या संघात १७२ दिवस भरले की खेळाडूचं एक वर्ष धरलं जातं. अशी सहा वर्षं झाली की तो मोकळा, हव्या त्या संघाशी करार करायला. २०१५ चा मोसम १८३ दिवसांचा होता. म्हणजे एखाद्याला सुरुवातीचे १२ दिवस खाली ठेवलं, तर त्याचे जास्तीत जास्त १७१ भरतात. एक दिवस कमी. मग वर्ष धरलं जात नाही आणि तो २०२० ऐवजी २०२१ संपेपर्यंत संघाच्या हाताखाली राहतो.

अर्थशास्त्रवाला मुलगा कपड्यांच्या घड्या घालत शांतपणे म्हणाला, "एप्रिलमधले थोडे सामने देऊन ऐन भरातलं एक अख्खं वर्ष मिळतंय. मी असतो तर हेच केलं असतं." गणित म्हणून त्याचं बरोबर होतं. त्या महिन्यात निम्मं शिकागो हेच बोलत होतं.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र माझे वडील आले. मी लहान असताना ते एका कारखान्यात हंगामी कामगार होते. कायद्यात २४० दिवसांची अट होती. वर्षभरात तेवढे दिवस भरले की कामगाराला हक्क सांगता येतो, सहज काढून टाकता येत नाही. म्हणून ते दिवस भरत आले की त्यांना ‘ब्रेक’ द्यायचे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा शब्द असाच, याच अर्थानं, घरातून माहीत असेल. ब्रेक लागला की वडील आठवडाभर घरी बसायचे, सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचे कपडे घालायचे आणि गॅलरीत उभे राहायचे. त्यांचं काम कच्चं आहे असं कोणी कधी म्हटलं नाही. मोजणी फक्त पुन्हा एकपासून सुरू व्हायची.

मी हे तळघरात सांगितलं. ब्रायंटला ६७ लाख डॉलरचा करार-बोनस मिळालेला, त्याची आणि माझ्या वडिलांची परिस्थिती एक नाही, हे मलाही कळत होतं. पण कळ तीच होती. बसवाल्या बाई त्यांच्या युनियनच्या जुन्या कार्यकर्त्या. त्या म्हणाल्या, "काम येणाऱ्याला बाहेर बसवायचं आणि वर त्यालाच सांगायचं, तुझं काम अजून नीट नाही. पैशांपेक्षा मला हे खोटं बोलणं लागतं." मला त्यांचं म्हणणं तेव्हा पटलं, आजही पटतं. संघ सरळ म्हणाला असता की आम्हाला एक वर्ष जास्त हवंय, तर वाद झालाच असता, पण मुलाच्या कौशल्यावर डाग लागला नसता.

आजोबा सगळ्यांत शेवटी बोलले. "मी ऐंशीच्या पुढे आहे. २०२१ माझं नाही. माझा आहे तो हा एप्रिल."

ड्रायर थांबला होता, पण कोणी उठलं नाही. मुलाच्या गणितात एप्रिलचे १२ दिवस कवडीमोल होते आणि २०२१ सोन्याचं. आजोबांच्या हिशेबात नेमकं उलटं. तेव्हापासून मला एक गोष्ट सारखी जाणवते. संघाचा व्यवस्थापक दहा वर्षांचा विचार करतो, ते त्याचं कामच आहे, त्याचे त्याला पैसे मिळतात. पण चाहते जेव्हा मालकाच्या खुर्चीत बसून बोलायला लागतात, हा खेळाडू किती वर्षं स्वस्तात मिळेल, याला विकून काय येईल, तेव्हा उद्याचा सामना बघण्यासाठी आसुसलेला माणूस त्या चर्चेतून हरवतो. मोसमाआधीच्या वादात त्या माणसाचं म्हणणं कोणीतरी मांडायलाच हवं. सगळ्यांत चांगला खेळाडू आज मैदानात दिसू दे, एवढंच ते म्हणणं.

ब्रायंट आला १७ एप्रिलला, शुक्रवारी दुपारी. आजोबांनी तिकीट काढलं होतं, मी रजा टाकली. कब्सच्या घरच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या, नूतनीकरणाचं काम अर्धवट होतं, डावीकडची उघडी बाकं उचकटलेली होती. तो चौथ्या क्रमांकावर बॅट घेऊन आला आणि सगळं मैदान उभं राहिलं. पहिल्याच वेळी स्ट्राइक आउट. पुन्हा आला, लोक पुन्हा उभे. त्या दिवशी चार वेळांत एकही हिट नाही, तीन स्ट्राइक आउट. आजोबांनी कागदावर तीन चौकोनांत तीन ‘के’ काढले, स्ट्राइक आउटची खूण असते ती, आणि प्रत्येक ‘के’ अगदी नीट, वळणदार काढला. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी शोधूनही सापडली नसती.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या वर्षी ब्रायंटला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला, एकमतानं. मोसम संपला तेव्हा त्याचे दिवस भरले होते १७१. त्यानं खेळाडूंच्या संघटनेतर्फे दाद मागितली, पण २०२० च्या सुरुवातीला लवादानं निकाल संघाच्या बाजूनं दिला. अशा प्रकारे संघाला ते जादा वर्ष मिळालं, २०२१. आणि ते वर्ष पुरतं खेळून घ्यायच्या आधीच, ३० जुलैला, त्यांनी ब्रायंटला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. बदल्यात काय घेतलं? दोन होतकरू पोरं. २०२२ च्या करारात मग नियम बदलला. आता सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या होतकरूला पूर्ण वर्षाची नोंद मिळते, दिवस कमी भरले तरीही. बसवाल्या बाईंनी मला ही बातमी लगेच कळवली. आजोबांना कळवता आली नाही. ते २०१९ साली गेले.

पण २०१६ त्यांनी पाहिलं. ज्याच्या हळू चेंडूवर आम्ही वाद घातला त्या हेंड्रिक्सनं त्या वर्षी दोन्ही लीगमध्ये सगळ्यांत कमी सरासरीनं धावा दिल्या, आणि वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याची सुरुवातही त्यानंच केली. २ नोव्हेंबरची रात्र, सामना क्लीव्हलंडला. नऊ डाव बरोबरीत संपले, मग पाऊस, १७ मिनिटं खेळ थांबला. आम्ही आजोबांच्या सोफ्यावर. त्यांच्या मांडीवर फळी, फळीवर कागद. दहाव्या डावात कब्स ८-७ नं पुढे आणि क्लीव्हलंडचे दोन गडी बाद.

शेवटचा चेंडू सपाट, हळू, थर्ड बेसच्या दिशेनं आला. ज्याला वाकता येत नाही म्हणून आयोवाला धाडलं होतं, तो धावत पुढे आला. चेंडू हातात यायच्या आधीच तो हसत होता, टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला. पडता पडता त्यानं चेंडू फर्स्ट बेसवरच्या अँथनी रिझोकडे फेकला.

नोंदीच्या कागदावर मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो. थर्ड बेसचा ५, फर्स्ट बेसचा ३. बाहेर गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते, वरच्या मजल्यावर कोणीतरी पाय आपटत नाचत होतं. आजोबांचा हात इतका थरथरत होता की पेन्सिल कागदावर टेकेना. मी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांनी शेवटच्या चौकोनात लिहिलं, ५-३.