आधी त्याची चाल बघा

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी फिशटँक आहे आणि उरलेल्यांना घरच्यांनी तो ठेवू दिलेला नाही, असं धरून मी बोलतो. त्यामुळे फिल्टर कसा चालतो वगैरे सांगत नाही. सरळ मुद्द्यावर येतो. टँक लावून महिना झालाय, पाणी स्वच्छ आहे, मासे खूश आहेत आणि एका रात्री काचेवर पांढरं काहीतरी सरकताना दिसतं. अशा वेळी माणूस काय करतो? फोटो काढतो आणि मला पाठवतो.

त्या फोटोत काय असतं? काढणाऱ्याचं काचेत उमटलेलं नाक, मागे ट्यूबलाइट आणि मधोमध एक ठिपका. खाली प्रश्न, ‘सर, हे काय आहे?’ मी विचारतो, हलतं कसं? उत्तर येतं, ‘पांढरं आहे.’ अहो, पांढरं सगळंच असतं! सायक्लॉप्स, म्हणजे कोळंबीच्या नात्यातला ठिपक्याएवढा जीव, तो पांढरा, गाळातला किडा पांढरा, प्लॅनेरिया हा चपटा किडाही बहुतेकदा पांढरटच. रंगावर गेलात की फसलात. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की हे जीव चालीवरून ओळखायचे. गल्लीच्या टोकाकडून येणारा माणूस चेहरा दिसायच्या आधी आपण ओळखतोच ना, तसंच.

आमच्या इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, कारण ते इथे बसलेले असू शकतात. त्यांच्या टँकमध्ये लाल चेरी श्रिंप होते. लहानशा कोळंब्याच त्या, फार देखण्या. एका दुपारी त्यांना काचेजवळ ठिपके फिरताना दिसले. हे तडक दुकानात. दुकान अर्थातच एक ते चार बंद. तेवढे तीन तास कोळंब्या जास्त जगल्या. चार वाजता दुकानदारानं न बघता, न विचारता बाटली दिली, ‘किडे झालेत काका, हे टाका.’ बाटलीत तांबं होतं. आता तांबं माशांना बेतानं दिलं तर चालतं, पण कोळंबी आणि गोगलगाय यांना ते विष. सकाळी कोळंब्या तळाला आडव्या. गोगलगायी मेल्या, सडल्या, अमोनिया वाढला आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. आणि ठिपके? ते थोडे दिवस गेले आणि परत आले! ते ऑस्ट्राकॉड होते. दोन शिंपल्यांत बंद असलेला, तिळाहूनही लहान जीव. अनेक जातींची अंडी पाणी आटलं तरी तग धरतात. हे जीव शेवाळ आणि कुजकं खातात, माशांना काहीही करत नाहीत. म्हणजे निरुपद्रवी होता तो राहिला आणि हौसेनं आणलेलं गेलं.

माझा राग दुकानदारावर कमी आणि ‘किडे झालेत’ या निदानावर जास्त आहे. डॉक्टर ‘आजार झालाय’ एवढंच सांगून गोळ्या देऊ लागला तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ.

सायक्लॉप्स म्हटलं की मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांना नारू, म्हणजे माणसाच्या कातडीतून दोऱ्यासारखा बाहेर येणारा जंत, आठवत असेल. बरोबर आहे. नारूची पिल्लं याच सायक्लॉप्सच्या पोटात बसून पाण्यातून माणसात जायची. म्हणून पाणी दुपदरी फडक्यातून गाळायचं. सायक्लॉप्स डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा, त्यामुळे फडक्यात अडकायचा. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. तेव्हा टँकमध्ये सायक्लॉप्स दिसला तर घाबरू नका, माशांच्या पिल्लांना तो उत्तम खाऊ आहे.

आणि पुणेकरांनी हायड्राबद्दल, म्हणजे काचेला चिकटून दोरे पसरणाऱ्या त्या इवल्याशा जीवाबद्दल, तर तक्रारच करू नये. आपल्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावर वर्षानुवर्षं काम झालंय. एका वाणाचं नावच ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ आहे! अठराव्या शतकातला निसर्गअभ्यासक अब्राहम ट्रेम्बले यानं हायड्राचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा झाला, आणि 1744 साली त्यानं ते पुस्तकरूपानं छापलं. हे सांगतोय अशासाठी, की काचेवर नखानं चिरडून हायड्रा संपत नाही, उलट…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेवर छापलेला विषय आता पाच मिनिटांत.

खोलीतले दिवे घालवा. टॉर्च समोरून नको, बाजूनं धरा. दोन मिनिटं काही करू नका. मग ड्रॉपरनं तो जीव पांढऱ्या बशीत घ्या आणि घड्याळजी वापरतात तसलं दहापट भिंग लावा. आता चाल. झटके देत, थांबत थांबत पुढे जातो तो सायक्लॉप्स. मागे दोन पिशव्या दिसल्या तर अंडी घेतलेली मादी. वरखाली उड्या मारते ती डाफ्निया, म्हणजे पाणपिसू. न थांबता गडगडत पोहतो तो ऑस्ट्राकॉड. नागमोडी वळवळणारा केसासारखा किडा गांडुळाच्या नात्यातला, तळातला गाळ खाणारा, गरीब. पण अंग न वळवता काचेवरून सपाट घसरत जातो, डोकं त्रिकोणी आणि त्यावर दोन डोळे, तो प्लॅनेरिया. कोळंब्या पाळणाऱ्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवावं. एका जागी चिकटून दोरे पसरलेत आणि धक्का लागताच आखडून गोळा होतो, तो हायड्रा. पिल्लं असतील तरच त्याची काळजी. पृष्ठभागाला शेपटीकडून लटकलेल्या डासाच्या अळ्या मात्र लगेच काढा. गप्पी मासे असतील तर त्या दिसणारच नाहीत.

वनस्पतींबरोबर टाचणीची, म्हणजे चतुराच्या सडपातळ भाऊबंदाची, पिल्लं येतात. शेवटाला तीन पानांसारखे कल्ले असतात. ती शिकारी आहेत, बाहेर काढा. चतुराची पिल्लं जाडसर, त्यांना ते कल्ले नसतात, भूक तेवढीच.

एवढी नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. वळवळणारे आणि ठिपके अचानक वाढले, तर तुम्ही खाणं जास्त टाकताय. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढंच टाका, तळ सायफननं ओढा, संख्या आपोआप उतरते. बाटली लागत नाही.

अपवाद आहे. जीव पाण्यात नसून माशाच्या अंगावर असेल, म्हणजे चपटी गोल अर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ, किंवा खवल्यातून बाहेर आलेला दोऱ्यासारखा लर्निया, जो सायक्लॉप्सचाच भाऊबंद आहे, तर थांबू नका. तिथे औषध लागतंच. मासा वेगळ्या टबात काढा आणि औषध त्या टबात घाला. कोळंब्यांच्या टँकमध्ये एक थेंबही नाही.