पाटी कुठे लावायची?

(दृश्य : रात्र. दुकानाचं शटर अर्धं खाली. आत फोनच्या उजेडात एक चेहरा.)

हिशेब झालाय, गल्ला बंद झालाय. खरं तर आता घरी जायचं. पण आज काही पोस्ट केलेलं नाही. मग घाईघाईत एक फोटो. तोच फेसबुकवर, तोच इन्स्टाग्रामवर, तोच व्हॉट्सॲपच्या स्टेटसला. लिंक्डइनवर खातं आहे, पासवर्ड आठवत नाही. यूट्यूबवर चॅनेल आहे, त्यावर दोन व्हिडिओ, तेही जुने.

एक ना धड, भाराभर चिंध्या.

सोशल मीडियावरची जाहिरात फुकट असते असं म्हणतात. तसं म्हणणारा या रात्रीच्या तासाचा हिशेब धरत नाही. छोट्या धंद्यात सगळ्यात महाग असतो तो मालकाचा वेळ, आणि तो कुठे घालायचा हे ठरवताना बहुतेक जण एकच विचारतात : सध्या काय जोरात चाललंय? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. गिऱ्हाईक फोन हातात घेतं तेव्हा त्याच्या मनात काय असतं, इथून सुरुवात करायला हवी.

(दृश्य : गळणारा नळ, खाली बादली. ओल्या हाताने कोणीतरी फोनवर टाईप करतंय.)

नळ गळायला लागला की माणूस शोधतो. गूगलच्या नकाशावर जवळचा प्लंबर बघतो, त्याच्याबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचतो. फारच हौशी असेल तर यूट्यूबवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावतो. या घडीला तो इन्स्टाग्राम उघडत नाही. म्हणून प्लंबरने रोज रील टाकली तरी लाईक येतील, फोन येईलच असं नाही. लाईक देणारे भलत्याच शहरातले असू शकतात. त्याने गूगलवरची धंद्याची नोंद नीट भरावी, वेळ आणि नंबर बरोबर ठेवावा, काम झालं की गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायला सांगावं. गूगलच्या नोंदीला कोणी सोशल नेटवर्क म्हणत नाही, हे मान्य. पण प्लंबरला त्याचं काय!

(दृश्य : बसल्या जागी स्क्रीन वर सरकवणारा अंगठा. अचानक थांबतो.)

आता हा दुसरा माणूस. याला काहीच नको आहे, वेळ जात नाही म्हणून तो स्क्रोल करतोय. मध्येच हाताने रंगवलेले कानातले दिसतात आणि अंगठा थांबतो. 'मला असे कानातले हवेत' असं त्याच्या मनात पाच सेकंदांपूर्वी नव्हतं. बघितल्यावर हवीशी वाटणारी वस्तू विकणाऱ्याची जागा इथे, इन्स्टाग्रामवर. २०१० मध्ये ते निव्वळ फोटोंसाठी सुरू झालं. रील्स आल्या २०२० मध्ये. तेव्हापासून फोटो चांगला असून भागत नाही, हात हलताना दाखवावे लागतात.

पिंटरेस्टला मात्र लोक उगाच विसरतात. तिथे माणूस बघतोही आणि शोधतोही : घर कसं सजवायचं, समारंभाला काय घालायचं. आज लावलेला फोटो काही महिन्यांनीही कोणाला तरी सापडतो. यूट्यूबचंही तसंच. उलट एक्सवर, म्हणजे २०२३ पर्यंतच्या ट्विटरवर, सकाळचं लिहिलेलं संध्याकाळी शिळं होतं. बातम्यांशी संबंध नसलेल्या छोट्या धंद्याने ते खुशाल सोडून द्यावं.

लिंक्डइनवर माणूस ऑफिसचे कपडे घालूनच येतो. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे दुसरी कंपनी असेल, हिशेब तपासणं, प्रशिक्षण असं काही विकत असाल, तर जागा तीच.

आणि फेसबुक? 'तिथे आता आईवडीलच असतात' असं तरुण मुलं म्हणतात. पण पैसे देणारे आईवडीलच असतील तर त्यात वाईट काय?

(दृश्य : भाड्याच्या दुकानावरची पाटी. तिच्यावर हळूहळू पडदा सरकतो.)

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. २००७ मध्ये फेसबुकने धंद्यांसाठी पेज सुरू केली. मालकांनी मेहनतीने फॉलोअर जमवले. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीर केलं की यापुढे मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट आधी दिसतील, धंद्यांच्या पोस्ट कमी दिसतील. फॉलोअर तेवढेच राहिले, पोहोच आटली. जास्त दिसायचं असेल तर पैसे भरा!

ऑर्कुट हे एके काळचं सोशल नेटवर्क ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं 'व्हाइन' हे ॲप सुरू झालं २०१३ मध्ये; ते बंद होणार हे २०१६ मध्येच जाहीर झालं. गूगल प्लसच्या मागे तर खुद्द गूगल उभं होतं, तरी एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी त्याचं दार बंद झालं. जागा दुसऱ्याची असली की हे चालायचंच.

मग तीन जागी पाट्या लावल्या तर? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदमच बंद पडले, सुमारे सहा तास. तिन्हींचा मालक एकच. तीन दुकानं, पण कुलूप एकच.

म्हणून गिऱ्हाइकाचा नंबर किंवा ईमेल, त्याच्या परवानगीने, आपल्या वहीत असावा. व्हॉट्सॲप बिझनेस, जे २०१८ मध्ये आलं, त्याचा उपयोग इथे. ते नवं गिऱ्हाईक फारसं आणत नाही, आलेलं टिकवतं. त्याच्या साध्या ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या सोयीची, एक अट दुकानदारांना जाचक वाटते : ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोहोचतो. आम्हाला ती अट आवडते. नंबर सेव्ह करणारे चाळीस जण दहा हजार फॉलोअरपेक्षा खरे.

(दृश्य : वहीचं कोरं पान. पेन.)

राहता राहिला मालकाचा स्वभाव. कॅमेरा समोर आला की ज्याची जीभ जड होते त्याने यूट्यूबच्या वाटेला जाऊ नये. दोन महिन्यांत कंटाळा येईल. ज्याला लिहायला आवडतं त्याने लिहावं. एक जागा धरावी, तीन महिने नेमाने चालवावी. बाकी ठिकाणी फक्त नाव, पत्ता, नंबर. आणि लाईक मोजू नयेत, चौकशा मोजाव्यात. त्यासाठी वही पुरते : येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं आणि लिहून ठेवायचं.

(दृश्य : सकाळ. शटर वर जातं. पहिलं गिऱ्हाईक आत येतं.)

'आमचं नाव कुठे कळलं तुम्हाला?'

'मैत्रिणीने फोटो पाठवला तुमचा.'

'तिने कुठे पाहिला?'

'ते काही विचारलं नाही बाई मी. थांबा, फोनच लावते तिला.'