सहा महिन्यांचं अंगण

(दृश्य: बेसिनचा नळ. धार गुलाबी.)

चार दिवसांनी या घरातला नळ उघडला आणि पाणी गुलाबी आलं.

काकूंनी बोटं धारेखाली धरली. रंग फिका होईपर्यंत धरून ठेवली.

चाकांवरचं हे घर कॅनडातल्या सस्कॅचेवानहून आलंय. गव्हाचा मुलूख. तिथे ऑक्टोबर सरताना रात्रीचा पारा शून्याखाली जातो. बोटाएवढ्या नळ्यांमध्ये पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि नळी फुटते. म्हणून निघण्याआधी सगळं पाणी काढून टाकायचं आणि नळ्यांमध्ये हे गुलाबी द्रव्य भरायचं. प्रॉपिलीन ग्लायकॉल. पिण्याच्या नळ्यांसाठी वेगळं मिळतं ते. मोटारीच्या रेडिएटरमधलं विषारी नव्हे. मग माँटाना, आयडाहो, युटा, नेवाडा ही अमेरिकेतली राज्यं ओलांडायची. वाटेत चहासुद्धा बाटलीतल्या पाण्याचा.

आता एकेक नळ उघडत जायचं. थंड, मग गरम, मग शॉवर, मग संडासाची टाकी. शेवटी पाणी नितळ आलं तेव्हा काकूंनी किटली भरली.

(दृश्य: ड्रोन. निळंशार पाणी, तपकिरी डोंगर, काठाने पांढऱ्या गाड्यांच्या रांगा.)

लेक हवासू, ॲरिझोना. इथल्या मूळनिवासी मोहावी लोकांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ निळं-हिरवं पाणी. १९३८ साली पार्कर धरण पूर्ण झालं आणि कोलोरॅडो नदी इथे सुमारे ७२ किलोमीटर लांब पसरली. दर हिवाळ्यात उत्तरेकडची हजारो वयस्क माणसं या वाळवंटात उतरतात. इकडे त्यांना स्नोबर्ड्स म्हणतात, बर्फ टाळून येणारे पक्षी. त्यांतले बरेच जण चाकांवरचं घर घेऊन येतात, म्हणजे आरव्ही.

आमचे काका-काकू त्यांतलेच. वयं सत्तरीच्या पुढची. आयुष्यभर शेती केली. चित्रीकरणाला त्यांनी आनंदाने होकार दिला. अट एकच, नावं सांगायची नाहीत. म्हणून आम्ही त्यांना आपल्या पद्धतीने काका-काकूच म्हणतो.

माझी आई आमच्याबरोबर होती. साताऱ्याहून फिनिक्सला माझ्याकडे आली आहे, तीही सहा महिन्यांसाठीच. पाहुणी म्हणून आलेल्यांना इथे एका वेळी साधारण तेवढंच राहता येतं, मग ते कॅनडातून येवोत नाहीतर साताऱ्याहून. फरक एवढाच की काका-काकू येताना स्वतःची चूल घेऊन येतात. ही फिल्म मी का केली, असं कुणी विचारलं तर त्या चुलीसाठी केली.

(दृश्य: पिकअप मागे येतोय. काकू मागे उभ्या, दोन्ही हात वर.)

आदल्या दुपारचं हे दृश्य. मागे जोडलेली गाडी उलटी घेणं अवघड असतं. चाक डावीकडे वळवलं की मागची गाडी उजवीकडे जाते. त्यात ही दहा मीटरहून लांब. काका आरशात फक्त काकूंचे हात बघतात. डावा हात वर म्हणजे मागचं टोक डावीकडे. दोन्ही तळवे समोर म्हणजे थांबा. काकू ओरडत नाहीत, काका खिडकीतून मान काढत नाहीत. हे दृश्य कापायला माझं मन झालं नाही, म्हणून पूर्ण ठेवलंय.

मग चाकांना गुटके. गुटके लावल्याशिवाय पिकअप सोडायचा नाही, हा पहिला नियम. त्यानंतर लेव्हल. काका दारापाशी जमिनीवर बुडबुड्याची पट्टी ठेवतात, गवंडी वापरतो तीच. पलंग कलता राहू नये म्हणून हे करत असतील असं मला वाटलं होतं. खरं कारण फ्रीज आहे. या गाडीतला जुन्या पद्धतीचा फ्रीज काँप्रेसरवर चालत नाही. आत अमोनिया उष्णतेने वर चढतो, थंड होतो आणि स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. गाडी कललेली असली तर तो उतरताना मध्येच अडकतो, आणि तसाच चालू ठेवला तर फ्रीज कायमचा जातो. म्हणून गाडीच्या डाव्या पायाखाली एक फळी, मग अजून एक. बुडबुडा मधोमध आला.

(दृश्य: भिंत बाहेर सरकते. खोली रुंदावते.)

बटण दाबलं की गाडीची एक बाजू बाहेर सरकते. रस्त्यावर असताना बोळ होता तिथे आता दिवाणखाना. आई हे बघायला दोनदा आत गेली आणि बाहेर आली.

विजेचं पन्नास अँपियरचं सॉकेट खांबावर आहे, पण काका गाडीची वायर थेट त्यात घालत नाहीत. आधी एक पेटी लावतात. तिने व्होल्टेज बरोबर आणि अर्थिंग ठीक असल्याचं सांगितलं, मगच वायर. पाण्याचंही तसंच. नळाला आधी दाब कमी करणारी पितळी तोटी, मग गाळणी, मग मिठावर चालणारी एक टाकी. कोलोरॅडोचं पाणी जड, क्षारांचं. ते तसंच आत सोडलं तर गिझरमध्ये पांढरी पुटं चढतात. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. बोअरच्या पाण्याने घरातली पातेली पांढरी झालेली तिने पाहिली आहेत.

आणि मैल्याची नळी. चित्रपटात हे दाखवायचं का, यावर आमच्यात चर्चा झाली. मी म्हणालो, दाखवायचं. घर चालवणं म्हणजे हेही आलं. गाडीखाली दोन टाक्या असतात, एक संडासाची, एक आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची. नळी जमिनीतल्या भोकाला जोडलेली असली तरी संडासाची झडप बंदच ठेवायची. नवखे लोक ती उघडी ठेवतात. मग पाणी वाहून जातं आणि घट्ट ते मागे साचून दगड होतं. टाकी भरत आली की आधी ती सोडायची, मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. नळीला उतार मिळावा म्हणून खाली घड्या पडणारा आधार. हातमोजे घालून हे सगळं काकूंनी केलं. काकांचे गुडघे आता वाकत नाहीत. आई शेजारी उकिडवी बसून आधाराच्या घड्या सरळ करत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही.

(दृश्य: लंडन ब्रिज, सकाळ. कमानीखालून बोट.)

गावातलं सगळ्यात प्रसिद्ध दृश्य हेच. १८३१ साली थेम्स नदीवर खुला झालेला हा पूल. खाली खचायला लागला तेव्हा लंडन शहराने तो विकायला काढला आणि १९६८ साली हवासू गाव वसवणारे उद्योगपती रॉबर्ट मॅककलॉक यांनी तो २४ लाख ६० हजार डॉलरला घेतला. दर्शनी दगडांवर नंबर घातले, दगड पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियाला आणले, तिथून ट्रकने इथे. आत काँक्रीटचा नवा सांगाडा, बाहेरून जुने दगड. पूल कोरड्या जमिनीवर उभा राहिला आणि खालून कालवा नंतर खणला. १० ऑक्टोबर १९७१ रोजी समारंभाने खुला झाला. काका रोज सकाळी त्यावरून चालत जाऊन येतात.

(दृश्य: पार्कर धरणाची भिंत.)

धरणाची भिंत दिसते त्याहून फार मोठी आहे. तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग नदीच्या तळाखाली गाडलेला आहे. पक्का खडक लागेपर्यंत खणत गेले. कॅलिफोर्निया आपलं पाणी पळवणार या रागाने १९३४ साली ॲरिझोनाच्या गव्हर्नरांनी काम थांबवायला सैनिक पाठवले होते. आज याच तलावातून दोन्ही राज्यांचे कालवे निघतात. एक लॉस एंजेलिसच्या बाजूला, दुसरा फिनिक्स आणि टुसॉनकडे. माझ्या घरच्या नळाला येणाऱ्या पाण्यातही याचा वाटा आहे. कालव्यांचे पंप इथे असल्यामुळे हवासूची पातळी वर्षभर जवळजवळ स्थिर ठेवतात. याच नदीवरच्या, वरच्या बाजूच्या लेक मीड तलावात २०२२ साली पाणी इतकं खाली गेलं की बोटींचे धक्के कोरडे पडले. इथे काकूंच्या खुर्चीपासून पाणी होतं तेवढंच दूर राहिलं. नदी मात्र एकच आहे, आणि तुटीची पहिली अधिकृत घोषणा झाल्यावर २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्यात मोठी कपात झाली.

(दृश्य: पलीकडचा किनारा, संध्याकाळ.)

समोरचा किनारा चेमेहुएवी या मूळनिवासी लोकांचा. या पाण्याखाली त्यांची नदीकाठची हजारो एकर जमीन आहे. आईने एवढंच विचारलं, "गावं उठवली का?" ती कोयनेच्या जिल्ह्यातली. मी हो म्हणालो.

(दृश्य: सामायिक पटांगण. लांब टेबलं, झाकलेली भांडी.)

शनिवारी सगळे आपापला पदार्थ आणतात. आईने फोडणीचे पोहे केले, काकूंच्या ओट्यावर, काकूंच्या कढईत. दोनच बर्नर, ओटा पोळपाटाएवढा. फिनिक्सला माझ्या घरी ओटा मोठा आहे, पण आल्यापासून तिने तिथे इतक्या मोकळेपणाने हात चालवलेला मी पाहिला नाही. पोह्यांचं भांडं परत आलं तेव्हा रिकामं होतं.

इथे माणसं एकमेकांकडे लक्ष ठेवून असतात. सकाळी नऊपर्यंत पडदा उघडला नाही तर कुणीतरी दार वाजवतं. मुलं दोन-अडीच हजार किलोमीटरवर आहेत. दार वाजवणारा मात्र चार पावलांवर.

(दृश्य: शेजारची रिकामी जागा. विजेचा खांब, नळ, सिमेंटचा चौथरा.)

ही जागा गेली अकरा वर्षं एकाच जोडप्याची होती. त्यांतले एक मार्चमध्ये गेले. दुसऱ्यांनी गाडी विकली.

(दृश्य: रात्र. काठावर लुकलुकणारे दिवे.)

तलावाभोवती दोन डझनांहून जास्त छोटी दीपगृहं आहेत, अमेरिकेतल्या खऱ्या दीपगृहांच्या प्रतिकृती. रात्री बोटींना खरोखर वाट दाखवतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. काका गॅसची हीटर लावतात आणि छताची झडप दोन बोटं उघडी ठेवतात, नाहीतर श्वासाची वाफ काचांवर धरते आणि सकाळी गाद्या ओल्या. उत्तरेचा वारा सुटायच्या आत दारावरचं कापडी छत गुंडाळायचं. विसरलं तर वारा ते मुळासकट उचकटतो.

एप्रिलमध्ये हे सगळं उलट्या क्रमाने होईल. इथला उन्हाळा माणसाचा नाही. २९ जून १९९४ रोजी या गावात १२८ अंश फॅरनहाइट नोंदले गेले, म्हणजे ५३ सेल्सिअस, ॲरिझोनातला आजवरचा उच्चांक. शिवाय कॅनडातलं सरकारी आरोग्य-कवच टिकवायचं तर वर्षातले ठरलेले महिने आपल्या प्रांतात काढावेच लागतात.

(दृश्य: सकाळ. आमच्या गाडीच्या मागच्या काचेतून.)

आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या रिकाम्या जागेत एक नवी गाडी मागे येत होती. चालवणाऱ्या बाईंना नेम साधत नव्हता. तीनदा आत, तीनदा बाहेर. काकूंनी चहाचा कप पायरीवर ठेवला आणि जाऊन मागे उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर करून.