पर्किन्सचं १५२ आणि २०३: कोणता पार्ट कुठे बसतो

[दृश्य: ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर, अगदी जवळून]

पर्किन्सच्या जुन्या डिझेल इंजिनांचं नातं त्यांच्या नावातच सापडतं. ३.१५२ म्हणजे तीन सिलिंडर, एकूण १५२ घनइंच. ४.२०३ म्हणजे चार सिलिंडर, २०३ घनइंच. आता १५२ ला ३ ने भागा आणि २०३ ला ४ ने. दोन्हीकडे एका सिलिंडरच्या वाट्याला जवळपास ५१ घनइंच येतात. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३.६ इंच, म्हणजे ९१.४४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ५ इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. दोन्ही इंजिनांत मापं हीच.

यांच्या आधीची जोडी १४४ आणि १९२ ची. तिथे भागाकार ४८ येतो, कारण स्ट्रोक तोच असला तरी बोअर साडेतीन इंचच आहे. त्यामुळे १४४ चा पिस्टन १५२ मध्ये चालत नाही.

[दृश्य: मॅसी फर्ग्युसन ३५, बॉनेट उघडं]

मॅसी फर्ग्युसन ३५ वर आधी स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, थंडीत सुरू व्हायला फार हट्टी. १९५९ च्या अखेरीस त्याच्या जागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं १५२ आलं. पुढे १३५ मॉडेलवर त्याचाच एडी ३.१५२ हा अवतार बसला. चेन्नईच्या सिम्पसनने याच घराण्याची इंजिनं भारतात बनवली आणि ती टॅफे कंपनीच्या मॅसी ट्रॅक्टरांवर आली. म्हणून आपल्याकडे दुकानात नुसतं ‘मॅसीचं किट’ मागितलं जातं. घोळ तिथूनच सुरू होतो.

[दृश्य: दोन पिस्टन शेजारी शेजारी, माथा वर]

हे दोन पिस्टन पाहा. व्यास एकच. पण एकाचा माथा सपाट आहे आणि दुसऱ्याच्या माथ्यावर खोल वाटी आहे. सपाट माथ्याचा पिस्टन ३५ मधल्या जुन्या १५२ चा. त्यात डिझेल हेडमधल्या छोट्या कोठीत पेटतं. वाटीचा पिस्टन एडीचा. त्यात नोझल थेट पिस्टनच्या वाटीत फवारा मारतं आणि हेडचा तळ सपाट असतो.

या दोघांची सरमिसळ केली तर काय होतं? वाटीचा पिस्टन आणि कोठीचं हेड एकत्र आलं, की दोन्ही पोकळ्यांची बेरीज होते आणि कॉम्प्रेशन पडतं. स्टार्टर फिरत राहतो, धूर पांढरा येतो, इंजिन काही पेटत नाही. उलट जोडीत, सपाट पिस्टन आणि सपाट हेड, डिझेल जळायला जागाच उरत नाही. म्हणून हेड, पिस्टन, नोझल आणि हेड गॅस्केट एकाच प्रकारचं लागतं. यात तडजोड नाही.

[दृश्य: बेअरिंग शेल, मायक्रोमीटर]

एडी ३.१५२ आणि एडी ४.२०३ यांचं मात्र चांगलं जुळतं. पिस्टन, रिंगा, लायनर (ब्लॉकमध्ये बसणारी सिलिंडरची नळी) आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग शेल दोन्हीकडे चालतात. फक्त तीनऐवजी चारचा सेट घ्यायचा. क्रँक पिन, म्हणजे क्रँकवर कनेक्टिंग रॉड जिथे बसतो तो भाग, साधारण ५७ मिलिमीटरची. ती आधी घासलेली असेल तर दहा, वीस की तीस थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज शेल, म्हणजे बारीक झालेल्या पिनसाठीचा शेल, लागेल, हे मायक्रोमीटरच सांगतो. जुन्या शेलच्या पाठीवरचा आकडा वाचा, पण पिन मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

डिझेल पंपाचं तसं नाही. बाहेरून दोन्ही पंप भावंडं दिसतात, पण तीन सिलिंडरचा पंप स्वतःच्या फेऱ्यात दर १२० अंशांनी डिझेल ढकलतो आणि चार सिलिंडरचा दर ९० अंशांनी. अदलाबदल शक्यच नाही.

लायनरचीही एक गोष्ट सांभाळायची. ते कोरडे लायनर असतात, पाण्याला लागत नाहीत. करड्या बिडाचा लायनर प्रेसने बसवून आतून बोअर (कापून मापात आणणं) आणि होन (घासून शेवटचा हात देणं) करता येतो. चकचकीत क्रोमचा लायनर बोअर करायचा नसतो, आणि त्याच्यासोबत क्रोमची रिंग कधीही घालू नये. क्रोमवर क्रोम घासलं की दोन्ही ओरखडतात आणि इंजिन तेल पिऊ लागतं.

[दृश्य: ४.२१२ चा ब्लॉक]

आता ४.२१२. २०३ च्या शेजारचा आकडा, म्हणून थोडं मोठं २०३ असावं असं वाटतं. भागाकार करा: ५३. बोअर ९८.४ मिलिमीटर, स्ट्रोक ११४.३. हे घराणंच वेगळं. त्याचा भाऊ ४.२३६, बोअर तोच, पण स्ट्रोक १२७. म्हणजे तिथे भागाकार वेगळा येऊनही बोअर एकच निघतो. आकड्यावरून घराणं ओळखा, माप मात्र कॅलिपरनेच घ्या.

[दृश्य: क्रँकचं मागचं टोक, फ्लायव्हील काढलेलं]

शेवटी क्रँकचं मागचं सील. जुन्या क्रँकला दोरीचं सील आणि नंतरच्या क्रँकला ओठाचं रबरी सील. रबरी सीलला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. दोरीवाल्या क्रँकवरच्या आट्यांवर ते टिकत नाही. तेल बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लचभोवतीच्या कवचात, उतरतं, क्लच प्लेट भिजते, आणि लोडवर ट्रॅक्टर घसरू लागतो. क्रँक बदलताना सील आणि त्याचं हाउसिंग त्याच क्रँकच्या जोडीचं घ्यावं, आणि फ्लायव्हील चढवण्याआधी सीलच्या जागेवर बोट फिरवून पाहावं.