कागदावर 246, तोंडी 154

(सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेलं भाषण, संपादित)

मित्रमैत्रिणींनो, तिसरीतल्या एका वजाबाकीपासून सुरुवात करते. 302 वजा 148. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं चाचणीत उत्तर लिहिलं, 246. मी लाल फुली मारली आणि पुढचा पेपर ओढला.

दोन दिवसांनी वर्गात भाजीबाजार मांडला. ही मुलगी आईबरोबर तासगावच्या बाजारात खरोखरच भाजी घेऊन बसते. मी विचारलं, "माझ्याकडं 302 रुपये होते, 148ची भाजी घेतली. उरले किती?" ती म्हणाली, "बाई, एकशेअठ्ठेचाळीसला दोन दिलं की दीडशे. अजून दीडशे दिलं की तीनशे. वरचं दोन. एकशेचोपन्न."

मी पेपर पुन्हा काढला. आठातून दोन गेले सहा, चारातून शून्य गेलं चार, तिनातून एक गेला दोन. प्रत्येक घरात तिनं मोठ्यातून लहान वजा केलं होतं. म्हणजे अंदाजे काहीतरी लिहिलेलं नव्हतं. तिचा एक नियम होता आणि तो तिनं नेटानं पाळला होता. माझ्या फुलीला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

मग काड्या घेतल्या. शंभराचा गठ्ठा तिनं हातात धरला, आतले दहा गठ्ठे मोजून बघितले, त्यातल्या एकाचं रबर काढलं. दोन शतकं, नऊ दशक, बारा सुटे. "आता बारातून आठ जातंय," असं ती स्वतःशीच म्हणाली.

2010 पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीला आकारिकसाठी, म्हणजे शिकता-शिकता वर्गात होणाऱ्या मूल्यमापनासाठी, 60 गुण; संकलितसाठी, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेसाठी, 40. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, चाचणी ही साधनं आपल्याला पाठ आहेत. पण ती कशासाठी, हे आपण विसरतो. चाचणीनं सांगितलं, येत नाही. बाजारानं सांगितलं, येतं. नेमकं अडलंय कुठं, हे काड्यांनी सांगितलं. तिन्ही नसती, तर मी तिला तीच रीत चारदा फळ्यावर समजावत बसले असते.

मला खरी खंत आहे ती वर्णनात्मक नोंदींची, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल आपण शब्दांत लिहितो त्या शेऱ्यांची. सत्र संपताना तयार नोंदींचं पुस्तक समोर ठेवून 'उपक्रमात आवडीने सहभागी होते' हे वाक्य मीही वर्गभर उतरवलंय. अशी नोंद कुणाचीही असू शकते, म्हणून ती कुणाचीच नसते. दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना वेळ नसतो, हे मान्य. म्हणून मी रोज फक्त पाच मुलं निवडते. तीस मुलांचा पट सहा दिवसांत होतो. नोंद मात्र त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी.

त्या दिवशीची माझी नोंद अशी होती: "पैशांत पुढं मोजत अचूक सांगते. दशकाच्या घरात शून्य असलं की अडते. उद्या 400 वजा 275. आधी गठ्ठे, मग वही."