चिंचोके

(अंगणवाडीची फरशी. खडूच्या दोन रेघा, प्रत्येक रेघेवर सात चिंचोके.)

"कोन्त्या रांगेत जास्त हायेत?" ताई विचारतात. साडेचार वर्षांची पोरगी दोन्ही रांगांवरून बोट फिरवते. "सारखे."

तिच्या देखतच ताई खालच्या रांगेतले चिंचोके दूर दूर सरकवतात. एकही वाढवला नाही, एकही उचलला नाही. "आता?"

पोरगी लांब रांगेवर हात ठेवते. "याच्यात जास्त."

ताई 'चूक' म्हणत नाहीत. "काऊन वो माय?" एवढंच विचारतात आणि उत्तर आलं तसं वहीत उतरवतात: "हे पार भितीलोक गेले ना." म्हणजे भिंतीपर्यंत.

यवतमाळ जिल्हा, झरी जामणी तालुका. ताई इथे अठरा वर्षांपासून सेविका आहेत आणि आता बालशिक्षणात एम.ए. करतायत. हा चिंचोक्यांचा प्रयोग मुळात स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा. या वयाचं मूल मोजण्याआधी डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवतं. त्याच्या उत्तरामागे विचार असतो. तो ऐकायचा कसा, हे शिकायला ताई दर रविवारी पहाटेची एसटी धरतात.

गावाचा प्रश्न साधा आहे: एवढं शिकून अंगणवाडीतच राहायचं ना? प्रश्न खोटा नाही. मानधन पदाला आहे, पदवीला नाही. मूल जितकं मोठं तितका शिकलेला मास्तर, असा आपल्याकडचा हिशेब. तीन वर्षांच्या लेकरापुढे मात्र कुणीही चालतं, सांभाळायचंच तर आहे! हा हिशेब उलटा आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा म्हटलं. पाया भरणाऱ्या बाईच्या शिक्षणाची चौकशी मात्र अजून कुणी फारशी करत नाही.

(जुनी छायाचित्रं.)

बालशिक्षणाच्या कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत होत्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी ती हीच. सरकारची योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला.

(चित्रकार्डं.)

कार्डावर पेरू. पोरं एका सुरात ओरडतात, "जाम!" कपाशी दाखवली की "पऱ्हाटी!" ही झाली वऱ्हाडी. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणाऱ्या लेकरांच्या घरी तर कोलामी बोलतात, आणि ती मराठीच्या कुळातलीच नाही, द्राविडी आहे. ताईंच्या लघुशोधप्रबंधाचा विषय हाच: घरची बोली आणि अंगणवाडीतली भाषा.

"मी इतकी वर्सं सुधारतच बसली," ताई सांगतात. "जाम नाही, पेरू म्हन. लेकरू गप बसलं का मले वाटे, त्याले येत नाही."

हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. आता कार्डाच्या मागे त्या तिन्ही शब्द लिहून ठेवतात. कोलामी शब्द सांगायला पोडावरची एक आजी येते, कापूस वेचून परतताना.

दिवसा पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, वजनं, गृहभेटी. रात्री जेवणं आटोपली की वाचन. संदर्भ पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, म्हणून लेक शेजारी बसून एकेक परिच्छेद मराठीत सांगते. एका पानाला कधी तास लागतो.

(पुन्हा फरशी.)

प्रयोग संपला. ताई वही मिटतात. पोरगी मात्र उठत नाही. लांब गेलेले चिंचोके एकेक करून जवळ आणते, वरच्या रांगेला भिडवून पाहते. मग पुन्हा लांब करते. पुन्हा जवळ.

ताई वही परत उघडतात.